पांढऱ्याहून पांढरे आठ फ्रॉक

हाताची पट्टी बदलायला दवाखान्यात निघताना आईनं थेल्माला एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"ओला फ्रॉक, उघडलेला फ्रॉक, एका वेळी एक फ्रॉक. निळीच्या पाण्यात बुडव, काढ, झटक. आत ठेवायचा नाही. आंघोळ नाही घालायची त्याला."

"कळलं गं आई."

"काय कळलं?"

"बुडव, काढ, झटक. आई, मी चौदा वर्षांची आहे आता!"

"म्हणूनच तीनदा सांगितलं," आई म्हणाली. "नऊ वर्षांची असतीस तर एकदाच पुरलं असतं."

ती मागच्या दारानं बोळात गेली. उजवा हात छातीशी धरलेला, मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. गुरुवारी भट्टीचं झाकण उचलताना वाफेचा सपकारा बसला होता. तोही कधी, तर ईस्टरनंतरच्या व्हिटच्या सणाच्या आठवड्यात, जेव्हा अख्ख्या हॅझलशॉ गावाला पांढऱ्या कपड्यांचं वेड लागतं.

थेल्मानं बाह्या वर केल्या आणि अंगणातल्या टोपलीकडे पाहिलं. आठ फ्रॉक. धुतलेले, उकळलेले, खळबळून पिळलेले. आता राहिली होती फक्त नीळ, मग खळ, मग वाळवण, मग इस्त्री, आणि हे सगळं आजच, शनिवारीच उरकायचं होतं. कारण उद्या रविवार, आणि चॅपलवाल्यांच्या ह्या गल्लीत रविवारी दोरीवर रुमालसुद्धा वाळत नाही. वाळला तर तो रुमाल लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात. आणि सोमवारी सकाळी मिरवणूक.

मिरवणुकीत चॅपलचं भलंमोठं रेशमी निशाण पुढे असतं. दोन दांडगे गडी ते पेलतात, आणि निशाणाच्या रिबिनी धरून आठ लहान मुली चालतात. लोक म्हणतात निशाण बघायला आलो. साफ खोटं! बायका बघतात फ्रॉक. कुणाचे किती पांढरे, कुणाची झालर पिवळी पडली, कुणाच्या काखेत डाग राहिला. मिरवणूक संपली की त्याच बायका आईच्या, म्हणजे कर्शॉबाईंच्या, मागच्या दाराशी येतात: आमच्या चादरी घ्याल का, आमची टेबलावरची कापडं घ्याल का. त्या आठ फ्रॉकांवर थेल्माच्या घरचं वर्ष निघायचं. वडील युद्धावरून परत आले नव्हते. आईचे दोन हात होते, आणि आता तर एकच.

त्यात ह्या वर्षी गावात स्टीम लाँड्री आली होती. तिची हिरवी गाडी गल्लीतून फिरायची आणि गाडीच्या अंगावर फूटभर अक्षरांत एकच शब्द: "व्हायटर!" जास्त पांढरं. अर्धी गल्ली तिकडे वळली होती. टेकडीवरच्या मोठ्या चर्चनं आपल्या मुलींचे फ्रॉकसुद्धा तिकडेच दिले होते. आणि मागच्या रविवारी एन्टविसलबाई, म्हणजे चॅपलच्या रविवारच्या शाळेच्या सर्वेसर्वा (शाळेचे प्रमुख त्यांचे यजमान, पण ते फक्त नावाला आणि फोटोला), दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "कर्शॉबाई, सोमवारी टेकडीवरच्या पोरी आपल्यापेक्षा पांढऱ्या दिसल्या, तर पुढच्या वर्षी फ्रॉक लाँड्रीत जातील. माझा नाइलाज आहे हो."

आई नुसतं "बरं" म्हणाली होती. पण त्या रात्री तिनं सूप अर्धंच प्यायलं.

तर असं होतं. आणि थेल्मा काही घाबरली नव्हती. घाबरायचे दिवस संपले होते तिचे! दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी तिचे कान लाल व्हायचे. मग एक दिवस इंग्रजीच्या मिस थ्रेलफॉलनी तिला उभं करून एक उतारा वाचायला लावला, आणि काय झालं कुणास ठाऊक, आवाज घशात न अडकता सरळ खिडकीबाहेर गेला. मिस म्हणाल्या, "अरेच्चा! हा आवाज इतके दिवस कुठे ठेवला होतास?" त्या दिवसापासून थेल्माची मान दोन बोटं लांब झाली. सोमवारी चॅपलच्या पायऱ्यांवर मिरवणुकीआधी जे छोटं भाषण होतं, ते ह्या वर्षी तिच्याकडे आलं होतं.

तिनं जस्ताच्या टबात गार पाणी भरलं, निळीची पुरचुंडी त्यात फिरवली आणि पाणी आभाळाच्या रंगाचं झाल्यावर पहिला फ्रॉक बुडवला, काढला, झटकला. पिवळट छटा गेली. फ्रॉक पांढरा दिसत होता.

पांढरा. बस्, पांढरा.

थेल्मा त्याच्याकडे बघत राहिली. पांढरा तर तो मागच्या वर्षीही होता. ह्या वर्षी पांढरा असून कुणाला काय त्याचं? ह्या वर्षी हवा होता त्या गाडीवरचा शब्द. तो शब्दही मोठा लबाड, एकटा उभाच राहत नाही. शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकून उभा राहतो: जास्त पांढरं, पण कशापेक्षा? टेकडीवरच्यांपेक्षा! आणि थोड्या निळीनं थोडं पांढरं होतं, तर जास्त निळीनं…

तिनं फळीवरून दुसरी पुरचुंडी काढली. तीही टाकली. दोन्ही चांगल्या पिळल्या. पाणी शाईसारखं झालं, आणि तिला वाटलं, हे आईला सुचलंच नसतं.

तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

ह्या गल्लीत पुढचं दार तिघांसाठीच उघडतं: डॉक्टर, पाद्री आणि एन्टविसलबाई. डॉक्टरला कुणी बोलावलं नव्हतं. थेल्मानं टोपलीकडे पाहिलं. ऊन वर आलं होतं, वारा सुटला होता, फ्रॉक टोपलीतच सुकले तर? सुकलेल्या कापडावर निळीचे डाग पडतात, आई नेहमी सांगायची. ओलेच राहिले पाहिजेत! तिनं आठही फ्रॉक उचलले, टबात कोंबले, हात अंगावरच्या फ्रॉकाला पुसणार तो थांबली, आतल्या परकराला पुसले आणि धावली.

"आई नाही घरात?" एन्टविसलबाई म्हणाल्या. टोपीवर चेरी, हातात छत्री, डोळे घरभर.

"दवाखान्यात गेलीय. येईलच."

"बरं. मी तुझं भाषण ऐकायला आले. सोमवारी अख्खं गाव असेल. मागच्या वर्षी बटरवर्थांची पोर मधेच रडायला लागली, आठवतंय ना? म्हण बघू."

थेल्मा म्हणाली असती "आत्ता वेळ नाही". म्हणायलाच हवं होतं. पण तिनं पाय जुळवले, हात मागे बांधले, आणि तो आवाज, तो नवाकोरा आवाज, बैठकीच्या खोलीत असा घुमला की तिचं तिलाच बरं वाटलं.

"व्हिट म्हणजे व्हाइट, म्हणजे पांढरा. फार जुन्या काळी ह्या रविवारी ज्यांचा नव्यानं बाप्तिस्मा व्हायचा, ते पांढरी वस्त्रं नेसून यायचे. म्हणून हा पांढरा रविवार, आणि त्याच्यामागून येणारा आपला सोमवार. पण हा शब्द त्याहून म्हातारा आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ रंग नव्हताच, त्याचा अर्थ होता चकाकणं, उजळणं. त्याच शब्दाच्या घरातला आपला व्हीट, म्हणजे गहू, कारण त्याचं पीठ पांढरं. आणि इथून हजारो मैलांवर, हिंदुस्थानात, पांढऱ्याला श्वेत म्हणतात. तोही शब्द ह्याच घरातला, लहानपणी घर सोडून गेलेल्या चुलत भावासारखा…"

"हिंदुस्थान कशाला?" एन्टविसलबाई म्हणाल्या.

"मिस थ्रेलफॉलनी सांगितलं. दोन्ही शब्दांची आजी एकच."

"मिरवणूक चॅपल ते बाजार आहे, थेल्मा. हिंदुस्थानापर्यंत नाही. पण… चुलत भाऊ चांगला आहे. राहू दे तो. पुन्हा म्हण, आणि गव्हापाशी जरा थांब. गहू लोकांना कळतो."

थेल्मानं पुन्हा म्हटलं. गव्हापाशी थांबली. थांबली आणि 'पीठ' म्हणताना तिनं हात पुढे केला, मिस थ्रेलफॉल करतात तसा, पसरून.

"बोटं किती निळी झालीत तुझी!" एन्टविसलबाई म्हणाल्या.

थेल्मानं आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांपर्यंत निळी. 

टब.

"मी… झालं माझं. सोमवारी नक्की चांगलं म्हणेन."

"शेवट राहिला की. शेवट पडला तर सगळं पडतं."

शेवट तिनं कसा म्हटला ते तिला कधीच आठवलं नाही. उधळलेल्या घोड्यासारखे शब्द पळाले. एन्टविसलबाई भुवया उंचावून म्हणाल्या, "आत्ता तर ठीक होतीस! असो. चल, आता आलेच आहे तर फ्रॉक बघून जाते." आणि छत्री टेकत त्या स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाल्या.

थेल्मा दारात आडवी आली. खरंच आडवी, दोन्ही हात चौकटीला.

"ओले आहेत!"

"ओले असणारच, बाळ."

"आई म्हणते ओलं पांढरं कुणाला दाखवू नये. ओल्यात काही कळत नाही. वाळल्यावर बघा. चहाच्या वेळेला या ना. आई पण असेल."

एन्टविसलबाईंनी तिच्याकडे बघितलं. थेल्मानं हसायचा प्रयत्न केला. मग त्या म्हणाल्या, "आई असं म्हणते? शहाणी आहे तुझी आई. चहाच्या वेळेला येते," आणि गेल्या.

थेल्मा अंगणात धावली आणि टबात दोन्ही हात घातले.

पहिला फ्रॉक वर आला तेव्हा ती ओरडली नाही. ओरडायला आवाज असावा लागतो. फ्रॉकाच्या घड्यांमध्ये नीळ बसली होती, चुण्यांतून ओघळ उतरले होते, एका बाहीवर अख्खा पंजा उमटला होता, तिचाच. दुसरा तसाच. तिसऱ्याची झालर तर खलाशाच्या कॉलरसारखी. तिनं नळाखाली धरले, खळबळले, पिळले, पुन्हा धरले. पाणी निळं वाहत राहिलं, मग फिकट, मग स्वच्छ. डाग मात्र जागचे हलले नाहीत. गिरणीचा भोंगा झाला. शनिवारची सुट्टी. बोळातून लाकडी बुटांची खटखट सुरू झाली, आणि त्या खटखटीतून मागच्या दाराची कडी वाजली.

आई आत आली. तिनं टब बघितला, टोपली बघितली, थेल्माकडे बघितलंच नाही.

"किती वेळ होते आत?"

"एन्टविसलबाई आल्या होत्या. भाषण…"

"किती वेळ?"

"दोनदा म्हटलं."

आईनं डाव्या हातानं एका फ्रॉकाची कड उचलली, बोटांत चोळली, उजेडात धरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि दवाखान्याचा उग्र वास.

"घरात व्हिनेगर किती आहे? नीळ त्यानंच सुटते."

"अर्धी बाटली."

"पुरणार नाही. विल्फच्या दुकानात जा, चिप्सवर शिंपडायला त्याच्याकडे पिंपभर असतं. बादली घेऊन जा."

थेल्माच्या अंगावर काटा आला. शनिवारी दुपारी विल्फ पिकरिंगच्या चिप्सच्या दुकानात कोण नसतं? अख्खी गल्ली तिथे रांगेत उभी असते, भांडी घेऊन. तिथे एक शिंक आली तरी ती संध्याकाळपर्यंत टेकडीवर पोचते.

"काय सांगू त्यांना?"

"भाषण येतं ना तुला," आई म्हणाली. "काहीतरी सांग."

दुकानात तळणीचा धूर, गरम चरबीचा वास, आणि दारापर्यंत रांग. थेल्मा बादली घेऊन शेवटी उभी राहिली. बादली लपवता येत नाही. तिनं ती पाठीमागे धरली, तर आवाज झाला.

"काय गं थेल्मे," पुढून बर्था पिकपबाई वळल्या. गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. लग्न कुणाचं मोडलं आणि मांजर कुणाचं व्यालं, सगळं त्यांच्याकडे आधी यायचं. "बादलीभर चिप्स नेणार? त्या तुझ्या मोठ्या ग्रामर स्कूलमध्ये शिकून भूक लागते वाटतं फार!"

रांग हसली.

"व्हिनेगर हवंय," थेल्मा म्हणाली. "लाल कोबीचं लोणचं घालायचंय."

आता हसणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

"लाल कोबी?" पिकपबाई हळूच म्हणाल्या. "व्हिटच्या दिवसांत? शरदाआधी कुठे मिळाला गं तुला हा कोबी?"

"लोणचं घालणाऱ्या पोरीची बोटं निळी कशी काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

थेल्मानं बोटं मुठीत घेतली. पण उशीर झाला होता. ह्या रांगेतली एकही बाई अशी नव्हती जी आयुष्यात कधीतरी निळीचा टब सोडून दार उघडायला गेलेली नव्हती. एकेकीच्या तोंडावर ते उमटताना थेल्माला दिसलं. बादली, बोटं, आजचा दिवस, कर्शॉबाईंकडचे फ्रॉक. कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही. एक बाई "अगंबाई" म्हणाली. दुसरी म्हणाली, "हात भाजल्यावर कामच घ्यायला नको होतं एडिथ कर्शॉनं. तेच फ्रॉक लाँड्रीत…"

"आईनं नाही केलं!"

तो आवाज काउंटरपलीकडे, तळणीपलीकडे गेला. विल्फचा झारा हवेत थांबला.

"मी केलं," थेल्मा म्हणाली. तिचे कान तापले होते, अगदी पूर्वीसारखे. "तिनं तीनदा सांगितलं होतं. मी दोन पुरचुंड्या टाकल्या, सगळे एकदम कोंबले आणि पुढच्या दाराशी भाषण करत बसले. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणाला टेकडीवर जाऊन सांगायचं असेल तर हे पण सांगा."

 तळणीत चरबी चुरचुरत होती.

"आण इकडे ती बादली," विल्फ म्हणाला. "सरका गं, सरका, बायांनो. भाषणवाल्या बाईसाहेबांना वाट द्या." तो मागच्या पिंपाशी बसला, तोटी सोडली आणि तपकिरी व्हिनेगर बादलीत घळाघळा पडायला लागलं. "हात आंबतील तुझे. आंबू देत. आता पळ. पैशाचं नंतर बघू."

पिकपबाई आपली जागा सोडून तिच्याबरोबर बाहेर आल्या. शनिवारची चिप्सची रांग सोडणं म्हणजे काय, ते हॅझलशॉत राहणाऱ्यालाच कळेल. त्या अर्धा रस्ता गप्प चालल्या, हाच एक चमत्कार. मग म्हणाल्या, "माझ्या चादरी पण लाँड्रीत जातात आता. तुझ्या आईला तोंड दाखवायला लाज वाटते मला. बादलीची एक बाजू धरते, सांडशील."

कोमट पाण्यात व्हिनेगर ओतून आईनं फ्रॉक आत घातले, आणि थोड्या वेळानं अंगणात असा वास सुटला की पिकपबाईंनी पदरासारखा एप्रन नाकाला लावला. निळीला व्हिनेगर लागलं की सुटतो तो, सडलेल्या अंड्यांचा वास! बोळातलं कुत्रं येऊन हुंगून गेलं. पलीकडच्या अंगणातून आवाज आला, "कोण मेलं?"

"काही नाही, कोबीचं लोणचं!" पिकपबाई ओरडल्या.

थेल्माला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. आई हसली नाही. ती टबात बघत होती. निळी नक्षी विरत चालली होती, पंजा पुसट झाला, चार बोटं उरली, मग दोन, मग काहीच नाही. आईनं फ्रॉक वर काढला.

डाग गेला होता. पण त्याबरोबर पांढरेपणही. फ्रॉक म्हाताऱ्या माणसाच्या दातांच्या रंगाचा झाला होता.

"आता पुन्हा नीळ," आई म्हणाली.

"मी देते," पिकपबाईंनी बाह्या वर केल्या. "तू बस, एडिथ. पोरगी पण बसू दे, दमलीय."

"नको बर्था. थेल्मा देईल."

"आई, नको," थेल्मा म्हणाली. "मी परत बिघडवेन. मला नाही जमत."

"सकाळी जमत होतं."

"सकाळी मी गाढव होते!"

"आता नाहीस ना? मग ये." आई स्टूल ओढून टबाशेजारी बसली, पट्टीचा हात मांडीवर. "मी आज हात वापरू शकत नाही. बर्था तिच्या घरची. हे फ्रॉक कर्शॉच्या घरून जायचेत. ये."

टब घासून धुतला. फ्रॉक तीन पाण्यांतून काढले, वास जाईपर्यंत. मग गार पाणी, आणि एकच पुरचुंडी, तीही थोडीशी फिरवून. "थांब. पाणी ओंजळीत घे. ओंजळीत रंग दिसला तर जास्त झाली." थेल्मानं ओंजळ भरली. नुसतं पाणी दिसत होतं, आणि अगदी तळाशी, तळव्याच्या रेषांत, नुसता भास. "हां. आता."

ओला. उघडलेला. एक. तिनं बुडवला, आणि आत हात असतानाच पुढच्या दारावर काहीतरी वाजलं. पोस्टमन असेल, वारा असेल, राजा असेल. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. काढला, झटकला, पिकपबाईंच्या हातात दिला. दुसरा. तिसऱ्याची कड पाण्यात दुमडली. आई "उघड" एवढंच म्हणाली, आणि तिनं पाण्यातल्या पाण्यात ती उघडली. पाचव्यानंतर तिला आईचा श्वास ऐकू यायला लागला. बुडव म्हटलं की आई श्वास धरायची, झटकलं की सोडायची. आठवा दोरीवर गेला तेव्हा दोघींनी एकदम सोडला.

खळ दिली. दोरी बोळाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वारा होता, गिरण्यांची धुरांडी भोंग्यापासून बंद, ऊन चांगलं. भीती एकच: घरांच्या चुली. दुपारच्या चहासाठी गल्लीतली तीस घरं कोळसा पेटवणार, आणि ओल्या पांढऱ्यावर काजळीचा एक कण म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला आता दिवस उरला नव्हता.

पिकपबाई बोळात उभ्या राहिल्या, दोन्ही हात कंबरेवर. "ऐका गं! कर्शॉंचे फ्रॉक वाळेपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही! थंड खा! ज्याला गरम चहा हवा त्यानं लाँड्रीत जावं!"

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी हसलं. पण एकाही धुरांड्यातून धूर निघाला नाही. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या, थंड पाव चावत, आणि आठ फ्रॉक वाऱ्यावर नाचत होते, आणि थेल्मा त्यांच्याखाली उभी राहून आभाळातला कण न् कण बघत होती.

एन्टविसलबाई मागच्या बोळातून आल्या. ह्याआधी त्या कधीच बोळातून आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात घडी घातलेला उशीचा अभ्रा होता.

"लाँड्रीचा," त्या म्हणाल्या. "कालच आला. म्हटलं, शेजारी धरून बघू."

 त्यांनी पहिल्या फ्रॉकाशेजारी अभ्रा धरला. उन्हात बघितलं. मग दोन पावलं सरकून भिंतीच्या सावलीत. फ्रॉक उचलून नाकाशी नेला, आणि नाक आक्रसलं. "हा वास कसला?"

दारांतल्या बायका आपापल्या पावाकडे बघायला लागल्या.

"व्हिनेगरचा," थेल्मा म्हणाली. "सकाळी मी नीळ बिघडवली. तुम्हाला मी आत येऊ दिलं नाही ते म्हणूनच. आई असलं काही म्हणत नाही, ओल्या पांढऱ्याचं. मी ते बनवून सांगितलं."

"मला वाटलंच होतं," एन्टविसलबाई म्हणाल्या. "बरं, मग तूच सांग. डोळे तरुण आहेत तुझे. कुठलं जास्त पांढरं?"

थेल्मानं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा कोरा. तिनं अभ्र्याकडे पाहिलं, फ्रॉकाकडे पाहिलं, पुन्हा अभ्र्याकडे. मनातल्या मनात तिनं अभ्र्याला लाख शिव्या दिल्या. पण दिसत होतं ते दिसत होतं.

"अभ्रा," ती म्हणाली.

पिकपबाईंच्या तोंडून "कार्टे!" असा आवाज आला.

"केवढ्यानं?"

"थोडा. पण आहे."

 एन्टविसलबाईंनी अभ्र्याची घडी उलगडली, आणि तो उन्हाच्या दिशेनं वर धरला. शिवणीजवळ, जिथे कापड सगळ्यात जाड असायला हवं, तिथून ऊन बारीक बारीक ठिपक्यांनी आरपार येत होतं.

"हा ह्या वर्षातला तिसरा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोन फाटून गेले. जे काही टाकतात ते, मळाबरोबर सूतही खातं."

"ठाऊक आहे," आई पहिल्यांदा बोलली. "तेवढं पांढरं मीही करू शकते, एन्टविसलबाई. आत्ताच्या आत्ता. पण चॅपलच्या पेटीतले हे फ्रॉक माझ्या सासूनं धुतलेत. पुढच्या वर्षी ह्याच पोरींच्या धाकट्या बहिणी ते घालतील. तुम्हाला एका सोमवारपुरते पांढरे हवे असतील तर गाडी आहे दाराशी. माझा काही नाइलाज नाही."

 एन्टविसलबाईंनी झालर बोटांत धरली, ओढून बघितली, सोडली. टोपीवरच्या चेऱ्या हलल्या.

"टेकडीवरच्या पोरी सोमवारी आपल्यापेक्षा पांढऱ्या दिसणार," त्या म्हणाल्या.

"दिसणार," आई म्हणाली.

"लोक बोलतील."

"बोलतील."

"त्यांचं बोलणं मी बघते. तुम्ही फ्रॉक बघा. ह्या वर्षी आणि पुढच्या." त्यांनी अभ्र्याची घडी घातली, काखेत मारली, आणि मग थेल्माकडे वळल्या. "आणि तू. सोमवारचं भाषण बटरवर्थांची पोर करेल. माझ्या तोंडावर खोटं बोललेल्या मुलीला मी पायऱ्यांवर उभी करत नाही. पुढच्या वर्षी बघू."

थेल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते येऊ दिलं. "ती रडेल," ती म्हणाली.

"तर तू तिच्या शेजारी उभी राहा आणि रडू देऊ नकोस," एन्टविसलबाई म्हणाल्या. "गव्हाचं आणि त्या चुलत भावाचं तिला तूच शिकव."

त्या बोळाच्या टोकाला वळल्या न वळल्या तोच पिकपबाईंनी दार आपटून आत धाव घेतली आणि त्यांच्या धुरांड्यातून धूर निघाला. "अगं थांब! अजून दोरीवर आहेत!" आई ओरडली. पण आता कोण ऐकतंय, सगळी गल्ली चहाला टेकली होती. थेल्मा उडी मारून दोरीशी गेली, चिमटे तोंडात, फ्रॉक दोन्ही हातांत, एक, दोन, तीन, काजळी खाली यायच्या आत आठही तिच्या छातीशी.

स्वयंपाकघरात आईनं गालाला लावून ओल तपासली.

"इस्त्री तापव," ती म्हणाली. "झालर आधी. आणि रडायचं असेल तर बाजूला तोंड करून रड. कापडावर पाण्याचे ठिपके उठतात."